आप्पांचा रूझवेल्ट

२००२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधले शेजारीपाजारी घरातलं जुनं कार्पेट उपटून खालची लाकडी जमीन उघडी करून घेत होते. पुरुषोत्तम वझलवारांनी उलटं केलं. चांगली चकचकीत लाकडी जमीन त्यांनी जाड करड्या कार्पेटखाली झाकून टाकली. हॉल, पॅसेज, झोपायच्या खोल्या, सगळीकडे. दुकानातून आलेला माणूससुद्धा सुरुवात करण्याआधी पुन्हा एकदा विचारून गेला, नक्की ना?

"अहो, पण का?" शरयूने विचारलं.

"गुळगुळीत जमिनीवर काठी घसरते."

हे खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. घरात त्यांना एक आवाज यायला लागला होता. तळहात जमिनीवर टेकल्याचा, आणि मागोमाग कापड ओढल्याचा. थप, सर्र. जरा थांबून पुन्हा थप, सर्र. तोही दिवसाढवळ्या. शरयू स्वयंपाकघरात असायची, ते हॉलमध्ये पेपर उघडून बसलेले असायचे, आणि पॅसेजमधून कोणीतरी येत असायचं. मान वळवली की पॅसेज रिकामा. शरयूला काही ऐकू जात नव्हतं.

आवाज कोणाचा, हे पुरुषोत्तमरावांना चांगलं माहीत होतं. म्हणूनच ते घाबरले होते.

मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत ते टेस्ट लॅबचे प्रमुख होते. वय छप्पन्न. लहानपणी पोलिओ झालेला. उजव्या पायात मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर, हातात काठी, गाडीला हाताने चालवायचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. एवढं असून अपंगांसाठी राखून ठेवलेल्या जागेत त्यांनी आयुष्यात कधी गाडी लावली नव्हती. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात लावायचे आणि बर्फ असो, ऊन असो, चालत यायचे. लॅब दुसऱ्या मजल्यावर होती, पण एलिव्हेटरचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. नव्याने लॅबमध्ये आलेला पुण्याचा सिद्धेश इतर पोरांना सांगायचा, "काकांना बघ यार. आपल्याला सर्दी झाली तरी आपण सिक लीव्ह टाकतो."

त्या उन्हाळ्यापासून मात्र त्यांचा डावा पाय, जो चांगला म्हणायचा तो, थरथरायला लागला होता. दुपार झाली की मांडीत कोणीतरी पाणी भरल्यासारखं जड व्हायचं. जिना चढताना ते मधल्या वळणावर थांबायचे आणि कोणी आलं की खिशात किल्ल्या शोधत असल्यासारखं करायचे. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. पाय थकायला लागला आणि त्याच महिन्यात तो आवाज सुरू झाला.

त्यांचं लहानपण यवतमाळचं. वडील, म्हणजे आप्पा, कापसाच्या जिनिंग प्रेसमध्ये कारकून. १९५१ च्या उन्हाळ्यात पाच वर्षांच्या पुरूला ताप आला आणि ताप उतरला तेव्हा दोन्ही पाय गेले होते. डॉक्टरांनी हात टेकले. आप्पांनी टेकले नाहीत. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल वाचलं होतं. एकोणचाळिसाव्या वर्षी पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेले, तरी तो एकदा नाही, चारदा निवडून आला. बँका बुडाल्या, लोक रस्त्यावर आले, महायुद्ध पेटलं, त्या सगळ्यातून त्याने देश पार नेला. मासिकात फोटो होता. रूझवेल्ट व्यासपीठावर उभा आहे, छाती पुढे, मान वर.

"पाहिलंस?" आप्पा म्हणायचे. "उभा आहे. पायात लोखंड घातलं आणि चालायला लागला. आधी स्वतः चालला, मग देश चालवला."

मुंबईला नेऊन आप्पांनी पुरूसाठी दोन्ही पायांचे कॅलिपर करून आणले. मग रोज संध्याकाळी प्रेसमधून आले की अंगणात बांबू आडवा बांधून ते पोराला चालवायचे. पोरगं पडायचं, रडायचं. आप्पा उचलायचे नाहीत. "रूझवेल्ट उठला असता," एवढंच म्हणायचे. पुरू उठायचा. शाळेत गेला, नागपूरला इंजिनिअर झाला, १९६८ साली आप्पांच्या रूझवेल्टच्या देशात आला. इथल्या डॉक्टरांनी डाव्या पायाचं कॅलिपर काढून टाकलं तेव्हा त्याने आप्पांना पत्रात लिहिलं, निम्मं लोखंड उतरलं.

लोक पुरुषोत्तमरावांची ही गोष्ट एवढीच जाणत होते. शरयूही एवढीच जाणत होती.

२००३ च्या मार्चमध्ये एका दुपारी ते घरी एकटेच होते. शरयू लायब्ररीत काम करायची, ती चारला यायची. चहा करायला ते स्वयंपाकघरात उठले आणि डावा पाय खालून नाहीसाच झाला. पडताना उजव्या कॅलिपरचा गुडघ्याजवळचा सांधा तुटला. स्वयंपाकघरात कार्पेट नव्हतं, टाइल होती. फोन हॉलच्या तोंडाशी भिंतीवर. त्यांनी ओट्याला धरून उठायचा प्रयत्न केला, पण दंडात जोर येईना. मग जे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, आप्पांनी कधी करू दिलं नव्हतं, ते त्यांनी केलं. दोन्ही तळहात पुढे टेकले आणि अंग मागून ओढलं.

थप, सर्र.

ते थांबले. आवाज थांबला. पुन्हा हात टेकले.

थप, सर्र.

शरयू आली तेव्हा ते फोनपासून हातभर अंतरावर कपाटाला टेकून बसले होते. फोन त्यांनी केलाच नव्हता. चेहरा ओला होता.

"अहो! काय झालं? लागलं का? नाइन-वन-वन लावू?"

"ताई आली होती," ते म्हणाले.

शरयूला वाटलं, डोक्याला मार लागला. "कोण ताई?"

"माझी."

"तुम्हाला कुठे बहीण आहे?"

"होती," पुरुषोत्तमराव म्हणाले. "अहिल्या. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. आम्हाला एकाच आठवड्यात ताप आला."

शरयू त्यांच्या शेजारी टाइलवर बसली, हातातली पर्स तशीच धरून.

तिथेच, जमिनीवर बसून, त्यांनी सांगितलं. तापात अहिल्येचेही पाय गेले. कॅलिपर मात्र एकट्या पुरूलाच आले. मुलाला जगात जायचंय, मुलीला कुठे जायचंय, असं कोणी मोठ्याने बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही. अहिल्या घरभर हातांवर सरकत फिरायची. फरशी थंड आणि गुळगुळीत होती. परकराचा मागचा भाग आई दर महिन्याला नवा जोडायची. हातांत तिच्या एवढी ताकद, की पुरूला ती सहज खाली ओढायची. संध्याकाळी पुरू बांबूला धरून चालायचा तेव्हा ती उंबऱ्यात येऊन बसायची आणि रूझवेल्टची गोष्ट ऐकायची. एकदा तिने विचारलं होतं, "आप्पा, त्याला बहीण होती का?" आप्पा म्हणाले, "माहीत नाही. तू आत जा, वारा सुटलाय."

पाहुणे आले की ती आतल्या खोलीत. पुरू अमेरिकेला गेला त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. न्यूमोनिया, असं तारेत होतं. मग आप्पांनी यवतमाळचं घर सोडून नागपुरात बिऱ्हाड केलं, पुरूसाठी मुली पाहायला लागले आणि सगळ्या नातेवाइकांना ताकीद दिली. एका घरात दोन पोलिओ म्हटलं तर कोण मुलगी देईल?

"म्हणजे मला," शरयू म्हणाली.

"हो."

"एकोणतीस वर्षं, अहो."

ते तुटलेल्या सांध्याची पट्टी सरळ करायला लागले.

"निधी झाली तेव्हा मी म्हटलं होतं, पोरीला माझ्या आजीचं नाव ठेवू या, अहिल्या. तुम्ही उठून बाहेर निघून गेलात. मला वाटलं तुम्हाला जुनाट नावं आवडत नाहीत." शरयूचा आवाज चढला नाही. चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. "तिचा एक फोटो तरी आहे का?"

"काढलाच नाही कधी."

ती उठली, फोन लावला, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ओट्याजवळ पाठमोरी उभी राहिली.

हाड मोडलं नव्हतं. पण ॲन आर्बरच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पायांच्या नसा तपासल्या तेव्हा त्या फार हळू आवाजात बोलायला लागल्या. पोलिओ परत आला नव्हता, पण त्याची सावली परत आली होती. लहानपणी ज्या नसा मेल्या, त्यांचं काम उरलेल्या नसांनी पन्नास वर्षं केलं होतं. आता त्या थकून मरत होत्या.

"ज्यांनी स्वतःला सगळ्यात जास्त ताणलं, त्यांचंच असं जास्त होताना दिसतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही फार जिने चढलात, मिस्टर वझलवार. आता बसा. व्हीलचेअर वापरलीत तर हात वाचतील."

"आणि नाही वापरली तर?"

"तर हातही जातील."

त्यांनी दोन कुबड्या घेतल्या, चेअर घेतली नाही. घरी येताना गाडीत शरयू म्हणाली, "घ्या ना. त्यात काय आहे?" ते म्हणाले, "आप्पांनी मला बसायला शिकवलं नाही." पडल्याच्या दिवसापासून घरातला आवाज वाढला होता. कार्पेटचाही उपयोग नव्हता. आता तो कार्पेटवरूनही येत होता, ओल्या वाळूतून काही ओढत आणल्यासारखा. जेवायला बसलं की टेबलाशी येऊन थांबायचा. शरयू त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि विचारायची, "आली?" ते मान हलवायचे. एवढं झाल्यावर घरात तिसरं माणूस असल्यासारखंच झालं. शरयू तिला अहिल्यावन्सं म्हणायला लागली. त्यात चेष्टा नव्हती. राग होता, आणि रागाच्या खाली काय होतं ते तिलाही माहीत नसावं.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ते दोघं निधीकडे गेले. निधी त्यांची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची, वॉशिंग्टनजवळ नोकरी करायची. मराठी तिला सगळं समजायचं, बोलताना मात्र ती इंग्रजीवर जायची. वडिलांची रूझवेल्टभक्ती तिला लहानपणापासून पाठ होती.

"बाबा, त्याचं मेमोरियल बघू या. इट्स ऑल फ्लॅट, चढ नाहीये."

तळ्याच्या काठाने चेरीची झाडं फुलून गळायला लागली होती. पुरुषोत्तमराव कुबड्यांवर हळूहळू चालत दगडी भिंतींच्या आवारापाशी आले, आणि आत शिरण्याआधीच थांबले. समोर जमिनीवर, चौथरा वगैरे काही नाही, माणसाच्या उंचीचा कांस्याचा पुतळा होता. डोक्यावर हॅट, चष्मा. खुर्चीत बसलेला. खुर्चीला चाकं.

शाळेची सहल आली होती. मुलं पुतळ्याच्या गुडघ्यावर चढून फोटो काढत होती. गुडघे हात लागून लागून पिवळे चकाकत होते. गणवेशातला गाइड मुलांना सांगत होता की स्मारक झालं तेव्हा हा पुतळा नव्हता. आतल्या मोठ्या पुतळ्याच्या अंगावर झगा आहे, त्याखाली खुर्ची दिसत नाही. अपंगांच्या संघटना भांडल्या, त्यांनीच वर्गणी काढली, आणि २००१ साली हा बसवला.

मुलं पांगल्यावर पुरुषोत्तमरावांनी गाइडला गाठलं. "पण नंतर चालायला लागला ना? आजारातून उठल्यावर?"

"नाही, सर. कॅलिपर घालून, कोणालातरी धरून उभे राहू शकत. मुलाचा दंड धरून थोडी पावलं टाकत, लोकांना चालल्यासारखं दिसावं म्हणून. आपल्या आपण ते पुन्हा कधीच चालले नाहीत. फोटोवालेही बसलेला फोटो सहसा काढत नसत."

"मग रोज कसे…"

"या खुर्चीत. ही त्यांनी स्वतःच योजली होती. घरातली साधी खुर्ची घेतली आणि तिला चाकं लावली."

पुरुषोत्तमराव त्या खुर्चीकडे बघत राहिले. बारीक चाकं, लाकडी पाठ. यवतमाळात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक सुतार होता. लग्नाकार्याच्या खुर्च्या आणि पोरांचे पांगुळगाडे करायचा. त्याला सांगितलं असतं तर एका दुपारचं काम होतं.

आणि तेवढ्यात, मुलांच्या गलक्यातून, मागच्या फरशीवरून आवाज आला. थप, सर्र. तो त्यांच्याजवळ आला, त्यांना ओलांडून पुढे गेला आणि पुतळ्याच्या चाकापाशी थांबला. तिथे काही नव्हतं. चेरीच्या पाकळ्या पडल्या होत्या.

"बाबा? आर यू ओके?"

"आप्पा चुकीचं सांगत होते," ते म्हणाले. "तो चाललाच नाही कधी. तो बसून होता. बसून देश चालवला त्याने."

"त्यांना कसं कळणार, बाबा? नोबडी शोड देम."

"मी त्या गोष्टीवर उभा राहिलो, निधी. आणि त्याच गोष्टीपायी ती जमिनीवर राहिली. आप्पांना खरं कळलं असतं तर तिला खुर्ची मिळाली असती. साधी, चाकं लावलेली. ती शाळेत गेली असती. अंगणात तरी आली असती."

आपल्याला आत्या होती हे निधीला वर्षापूर्वीच कळलं होतं. बाकावर बसलेल्या आईकडे तिने पाहिलं. शरयू आली आणि पहिल्यांदाच, त्या मार्चनंतर पहिल्यांदा, तिने त्यांच्या दंडाला हात लावला.

परत आल्यावर त्यांनी व्हीलचेअर मागवली. ती आली, गॅरेजमध्ये घडी घालून उभी राहिली. वर्षभर तशीच. मागवायला जेवढं धैर्य लागलं त्याहून जास्त बसायला लागत होतं.

२००५ च्या जुलैत शैलजावहिनी आल्या. पुरुषोत्तमरावांच्या चुलतभावाची बायको. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, त्याच्याकडे उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या, तिथून चार दिवस ट्रॉयला. साठीच्या, गोल, बोलक्या. यवतमाळात त्यांचं सासर आणि आप्पांचं घर भिंतीला भिंत लागून होतं. लग्न होऊन आल्या त्याच वर्षी अहिल्या गेली.

दुपारी घरामागच्या लाकडी डेकवर तिघं बसली होती. शरयूने परसात लावलेली मेथी वहिनी निवडत होत्या. अहिल्येचं नाव शरयूनेच काढलं.

"कळलं का तुम्हाला? बरं झालं बाई," वहिनी म्हणाल्या. "आम्हाला बोलायची बंदी होती. मी वेण्या घालायची तिच्या. केस काय होते! आणि शेवट असा. पण पुरुषोत्तमभावजींना सगळं माहीतच असेल."

"न्यूमोनिया झाला होता ना?" पुरुषोत्तमराव म्हणाले.

"तो नंतर. पडली, मांडीचं हाड मोडलं, खाटेला खिळली, तेव्हा."

"पडली? वहिनी, ती जमिनीवर असायची. पडेल कुठून?"

वहिनींचा हात मेथीवरच थांबला. त्यांनी शरयूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आप्पांनी तुम्हाला कळवलं नाही?"

"काय कळवलं नाही?"

"तुमचे जुने कॅलिपर होते ना, जाताना ठेवून गेला होतात ते? आतल्या खोलीत खुंटीला लटकवलेले." वहिनी जुडीतला दोरा बोटाभोवती गुंडाळायला लागल्या. "एक दिवस दुपारी मी सांडगे द्यायला गेले. आप्पा प्रेसमध्ये, काकू देवळात. दार नुसतं लोटलेलं. आत पाहिलं तर एक बाई उभी. मला वाटलं कोणी परकीच आहे. मागे फिरणार होते मी. मग बघते तर अहिल्या. खिडकीचे गज धरून उभी. पायात तुमचं लोखंड. तिला मी उभी कधी पाहिलीच नव्हती हो. एवढी उंच होती ती! तुमच्याहून उंच."

डेकच्या खाली शेजाऱ्यांचं गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते बंद झालं.

"मला म्हणाली, शैलजा, बोलू नकोस, हलू नकोस. भिंतीवर आप्पांचा दाढीचा आरसा होता, त्यात तिने पाहिलं. खूप वेळ पाहत होती. तो आरसा तिच्या तोंडासमोर कधी आलाच नव्हता ना. हसली. आणि मग तिने हात सोडले."

"का?" पुरुषोत्तमराव म्हणाले. "का सोडले तिने हात?"

"चालायला," वहिनी म्हणाल्या. "आप्पा सांगायचे ना, तो अमेरिकेतला चालला म्हणून."

शरयू उठून आत गेली. वहिनी रडायला लागल्या, मग पदराने डोळे पुसून पुन्हा मेथी निवडायला लागल्या, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. पुरुषोत्तमराव बसून राहिले. आप्पांना जाऊन सोळा वर्षं झाली होती. रागवावं तर तो माणूस खोटं बोलला नव्हता. त्याने जसा फोटो पाहिला तशी गोष्ट सांगितली. रागवावं तर त्या फोटोवर, त्या व्यासपीठावर, ज्यांना राजा बसलेला बघवत नव्हता त्या सगळ्यांवर. आणि ज्याने आपले कॅलिपर खुंटीला लावून ठेवले त्याच्यावर.

वहिनी गेल्या त्या आठवड्यात त्यांनी गॅरेजमधली खुर्ची आत आणवली. कार्पेटवर चाकं रुतायला लागली, तेव्हा शरयूने माणूस बोलावून सगळं कार्पेट काढून टाकलं. लॅबमध्ये ते पहिल्यांदा खुर्चीतून गेले तेव्हा पोरं फार मोठ्याने आणि फार आनंदाने बोलली. सिद्धेशने फक्त दार धरून ठेवलं. वर्षभराने ते निवृत्त झाले.

अहिल्या गेली नाही. कोणी विचारलं तर शरयू अजून सांगते, दुपारी येते. पण आता दोन आवाज असतात. एक तो जुना. दुसरा क्वचित, पॅसेजच्या टोकाला. लोखंडाचा सांधा ताठ बसताना होतो तसा, कट्. मग बराच वेळ काहीच नाही. पुरुषोत्तमराव तेव्हा श्वास रोखून बसतात, जणू कोणीतरी म्हटलंय, बोलू नका, हलू नका.

२००८ चा हिवाळा डेट्रॉइटच्या सगळ्या गावांवर वाईट उतरला. मोटारीच्या कंपन्यांची नावं रोज बातम्यांत, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या छोट्या कंपन्यांची नावं बातम्यांतही नव्हती. घरांसमोर विक्रीच्या पाट्या लागल्या. महाराष्ट्र मंडळाने डिसेंबरात नोकऱ्या गेलेल्यांसाठी एक बैठक ठेवली. सिद्धेशने फोन केला.

"काका, तुम्ही बोला ना. तेव्हाही बँका बुडाल्या होत्या, आणि तो प्रेसिडेंट व्हीलचेअरवर होता, आणि तुम्हीपण… म्हणजे, सॉरी. इन्स्पायरिंग होईल."

ते गेले. लायब्ररीच्या हॉलमध्ये साठेक माणसं होती, बरीचशी तिशीतली, कोट न काढता बसलेली. पुरुषोत्तमरावांनी आप्पांचा रूझवेल्ट सांगितला, आप्पा सांगायचे तसाच, छाती पुढे काढून उभा. लोक माना हलवत होते. मग त्यांनी खरा सांगितला. मग अहिल्या सांगितली. सगळी, आरशापर्यंत, हात सोडेपर्यंत. शेवटी म्हणाले, "उभे राहा, असं तुम्हाला सगळेच सांगतील. ज्याच्याने होत नसेल त्याने बसावं. धरलेलं सोडू नये. घरी खरं सांगावं. एवढंच."

टाळ्या जेमतेम वाजल्या. चहाच्या टेबलाशी कोणीतरी कुजबुजलं, काकांना बोलवायला नको होतं, माणसं आधीच डाऊन आहेत. शरयूने ते ऐकलं. तिने फक्त त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

पुढच्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला बेल वाजली. सिद्धेश होता. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि तो टोपी न घालता आला होता.

"लॅब बंद झाली, काका. आपली. महिना झाला."

"महिना? मग त्या दिवशी बैठकीत…"

"तेव्हाही गेलेली होती. मी ऑर्गनायझर होतो ना. कसं सांगणार?" तो हसायला गेला. "व्हिसाचं काही होत नाहीये. परत जावं लागणार. आईला अजून सांगितलं नाही. रोज सकाळी तयार होऊन गाडीत जाऊन बसतो. तिचा फोन येतो तेव्हा म्हणतो, मीटिंगला चाललोय."

शरयूने पोहे केले. तो भराभर खात राहिला, मग ताटली पुढे करून पुन्हा घेतले. खाऊन झाल्यावर हॉलमधल्या सोफ्यावर जरा टेकला आणि बोलता बोलता, वाक्य अर्धं ठेवून, झोपला. बूटही काढले नव्हते. शरयूने ते अलगद काढले आणि अंगावर रजई टाकली. पुरुषोत्तमराव खुर्ची त्याच्याजवळ घेऊन बसले.

तासाभराने टीपॉयवर ठेवलेला त्याचा फोन थरथरायला लागला. पडद्यावर आई. सिद्धेश हलला नाही. फोन थांबला, पुन्हा थरथरायला लागला. तिसऱ्यांदा पुरुषोत्तमरावांनी तो उचलला.

"मी वझलवार बोलतोय, सिद्धेशच्या लॅबमधला. झोपलाय तो."

"आत्ता?" पलीकडून बाईंचा आवाज दचकला. "तिकडे दिवस असेल ना? ऑफिस नाही का आज त्याला? आजारी आहे का?"

त्यांनी सोफ्याकडे पाहिलं. तोंड किंचित उघडं ठेवून तो लहान मुलासारखा झोपला होता. हो, जरा सर्दी झालीय, असं म्हणणं सोपं होतं. शब्द जिभेवर आलेसुद्धा.

"आजारी नाही," ते म्हणाले. "उठला की तोच फोन करेल तुम्हाला. काही सांगायचंय त्याला. तुम्ही नुसतं ऐकून घ्या, ताई."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग बाईंनी विचारलं, "जेवलाय का तो?"

"पोहे खाल्ले," पुरुषोत्तमराव म्हणाले. "पुन्हा मागून घेतले."